रोज नवी गाणी

आमच्या जिमच्या दारात हेयाम बसते. तिच्या हातात फोन दिल्याशिवाय आत चिटपाखरूसुद्धा जात नाही. फोन म्हणजे कॅमेरा, कॅमेरा म्हणजे फोटो, आणि एकदा फोटो बाहेर गेला की त्या बाईच्या घरी काय होईल ते सांगायला नको. आत आम्ही कशा असतो? डोक्यावरचं काढलेलं, बाह्या नाहीत, पोटऱ्या उघड्या, घामानं बनियन पोटाला चिकटलेला. सगळ्या झर्का शहरात बायकांना एवढं मोकळं अंग टाकायला दुसरी जागा नाही. म्हणून हेयाम प्रत्येक फोन कापडी पिशवीत घालते, पिशवी कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली तिच्या गळ्यात. एकदा एका बड्या अधिकाऱ्याची बायको तिला म्हणाली, "तुला ठाऊक आहे का मी कोण आहे ते?" हेयाम म्हणाली, "ठाऊक आहे ना. फोन न दिलेली बाई."

मी उम्म नायल, म्हणजे नायलची आई. डॉक्टरनं मला सांगितलं, एक तर रोज चाला, नाही तर गुडघा बदलायला या. म्हणून मी चालते. नवरा देवाघरी गेला, नायल दोहाला असतो, घरी बोलायला भिंती. जिममध्ये मी चालते कमी आणि बोलते जास्त असं हेयाम म्हणते, आणि ते काही खोटं नाही.

पूर्वी आत मोठ्यानं गाणी लागायची. मग खालच्या औषधांच्या दुकानदारानं मालकिणीकडे तक्रार केली, गिऱ्हाइकं नावं ठेवतात म्हणून, आणि स्पीकर कायमचा बंद झाला. चालायच्या यंत्राच्या पट्ट्यावर मुकाट चालायचं म्हणजे घाण्याचा बैल व्हायचं. तेव्हा एकेकीनं ते चिमुकले प्लेअर आणायला सुरुवात केली, कॉलरला चिमट्यानं लावायचे, अंगठ्याएवढे. हेयाम तो हातात घेते, उजेडाकडे धरते, उलटापालटा करते, कुठं भोक दिसलं तर नख घालून बघते. कॅमेऱ्याचं भिंग सापडलं नाही की परत देते. "डोळा नाही. जा."

इब्तिहाल आली ती थंडीत. एवढीशी, काटकुळी. मी म्हटलं, "अगं, तू काय कमी करायला आलीस? आमच्यातलं थोडं घेऊन जा." ती हसली, पण तोंडावर हात ठेवून. तिचे दोन गर्भ गेले होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, अंगात ताकद येऊ द्या, व्यायाम करू द्या. सासूला नातू हवा होता म्हणून परवानगी मिळाली. घरात एक मुलगी होती, जुमान, बालवाडीत जाणारी.

कपडे बदलायच्या खोलीत मी तिची पाठ बघितली. पाठ, कंबर, मांड्या. काही डाग निळे, काही पिवळे पडलेले. चेहऱ्यावर, हातावर मात्र एक ओरखडा नाही.

"दारावर आपटले," ती म्हणाली.

"तुमच्या घरचं दार फार शिकलेलं दिसतंय," मी म्हटलं. "चेहरा सोडून मारतं."

त्यावर ती जी रडली! घाबरून इकडे-तिकडे बघत, आवाज गिळत. मी म्हटलं, "रड गं, इथे कुणाचा फोन नाही. इथली भिंत कुणाला सांगायला जात नाही." त्या दिवसापासून ती माझ्या शेजारच्या पट्ट्यावर चालायला लागली आणि चालता चालता सांगायला लागली.

नवरा मुअय्यद. स्वयंपाकघराच्या फरशा आणि नळ विकायचं मोठं दुकान. गल्लीत नाव असं की काय सांगू, आवाज चढवणार नाही, शिवी देणार नाही, म्हाताऱ्यांना हात धरून रस्ता ओलांडून देणार. मारायचा तेव्हाही आवाज चढवायचा नाही म्हणे. आधी रेडिओ मोठा करायचा.

ती दोनदा माहेरी निघून गेली होती. दोन्ही वेळा आठवड्याच्या आत त्याची मंडळी आली. चुलते, गावचे दोन वडीलधारे, सगळे पांढऱ्या दाढ्यांचे. बसले, वेलदोड्याची कॉफी आली, कप हातात घेतला आणि तसाच समोर ठेवला. म्हणजे झालं. आमच्याकडे पाहुण्यानं कप न पिता ठेवला की घरधन्याच्या गळ्यात फास बसतो. मागणं मान्य केल्याशिवाय तो पीत नाही, आणि दारात आलेल्या माणसाला कॉफी न पिता पाठवलं तर सात पिढ्या तोंड दाखवायला जागा राहत नाही. दोन्ही वेळा तिचे वडील कपांकडे बघत म्हणाले, "कॉफी घ्या. तुमचं काम झालं."

"मी पडद्यामागे उभी होते, उम्म नायल," इब्तिहाल म्हणाली. "आधी ते कप उचलल्याचा आवाज आला. मग आईनं माझी बॅग आणून दिली. भरलेलीच होती."

"मेल्यांना घोटाघोटाला ठसका लागला असता तर!" मी म्हटलं. पट्टा बंद करून मी तिथेच उभी राहिले, इतका मला संताप आला होता. तिच्या बापाचा जास्त.

मुअय्यद तिला जिममध्येही सोडत नसे. कपाटात तिचा फोन वाजायचा, हेयाम ओरडायची, "इब्तिहाल, तुझा!" आणि ही पोरगी चालता पट्टा सोडून धावायची. उचलायला उशीर झाला की संध्याकाळी हिशेब. एकदा धावताना ती पडली, गुडघा फुटला. त्यानंतर काही दिवसांनी ती आली ती गोंधळलेल्या चेहऱ्यानं.

"तो म्हणतो, तू तिथं कंटाळत असशील. बाकीच्या बायकांकडे असतं तसलं गाण्यांचं छोटं काहीतरी घेऊ या म्हणतो. आणि म्हणतो, त्या उम्म नायलना बरोबर घे, त्यांना माहीत असेल तुमच्याकडे कुठलं चालतं."

"सूर्य कुठून उगवला आज?" मी म्हटलं. पण गेले. मलाही नवा हवाच होता, माझ्या जुन्याचा चिमटा तुटून मी तो दोऱ्यानं गळ्यात बांधत होते.

झुहैरचं दुकान भाजीबाजाराच्या मागे आहे. रेडिओ, चार्जर, घड्याळं, सगळं एकावर एक. मुअय्यद दाराशी उभा होता, इस्त्रीचा शर्ट, अत्तर. मला बघून छातीवर हात ठेवून वाकला. "या, उम्म नायल. इब्तिहाल सारखं तुमचंच नाव घेते. तुम्ही तिच्या आईसारख्या."

झुहैरनं काचेवर पाच-सहा प्लेअर मांडले. लाल, निळे, एक गुलाबी. इब्तिहालनं गुलाबीला हात लावला.

"तो घामानं जाईल," मुअय्यद तिला प्रेमानं म्हणाला. "तू पळतेस ना? पळताना घाम येतो. झुहैर, मी सांगितला होता तो आला का?"

"कालच आला, अम्मानहून." झुहैरनं काउंटरखालून डबी काढली. काळा, चपटा, गुळगुळीत. "घाम चालतो, धूळ चालते. दिवसभर चालू ठेवला तरी बॅटरी उतरत नाही. जागा भरपूर."

"भरपूर म्हणजे?"

"एकदा भरलात की महिना महिना बघायला नको."

"मी रोजच बघीन," मुअय्यद म्हणाला. "रोज रात्री नवी गाणी भरून देईन. तिला संगणकातलं कळत नाही."

मी आपली बघत राहिले. आमचे हे, अल्ला त्यांना जन्नत देवो, तीस वर्षांत माझ्यासाठी कधी चप्पल निवडायला आले नाहीत. आणि हा माणूस, ज्यानं बायकोची पाठ काळीनिळी केली होती, तो इअरफोनचा बोळा तिच्या कानात बसतो का ते स्वतःच्या बोटांनी बघत होता. दुखत नाही ना, म्हणून विचारत होता. मला वाटलं, सुधारतोय की काय मेला. माणसं सुधारतात असं आपण ऐकतो. मी तो गुलाबी घेतला.

"उम्म नायल, त्याचे पैसे मी देतो," तो म्हणाला.

"माझ्या नायलचे पैसे काय सडायला ठेवलेत?" मी म्हटलं आणि दिले माझे मी.

दुसऱ्या दिवशी हेयामनं तो काळा प्लेअर हातात घेतला. त्याच्या कोपऱ्यात सोनेरी चांदणीचं चिकटचित्र होतं, मुलांच्या वहीवर बाई लावतात तसलं.

"हे काय?"

"जुमाननं लावलंय," इब्तिहाल म्हणाली. "म्हणजे, तिच्या बाबांनी तिच्याकडून लावून घेतलं. माझा ओळखू यावा म्हणून."

हेयाम कुणाच्या चांदणीला भुलणारी नाही. तिनं नखानं ती सोलली, खाली बघितलं. चिमुकला दिवा होता, लाल. तिनं तो उजेडाकडे धरला, डोळा बारीक करून बघितलं, अंगठा ठेवून बघितलं. मग चांदणी परत चिकटवली. "दिवा आहे. डोळा नाही. जा."

त्यानंतर फोन कमी झाले. आधी दर थोड्या वेळानं वाजणारा फोन आता एकदाच वाजायचा, निघायच्या सुमारास. इब्तिहालच्या चेहऱ्यावर थोडं रक्त आलं. आणि गाणी! रोज सकाळी नवी. तो रोज जेवण झालं की प्लेअर मागून घ्यायचा, दार लावून संगणकाशी बसायचा आणि सकाळी तिच्या हातात द्यायचा. जिममधल्या पोरी तिला चिडवायच्या, "आमच्या नवऱ्यांना शिकवणी लावा गं याच्याकडे!" एक जण म्हणाली, "माझा मला अजून लग्नातलंच गाणं ऐकवतो, तेही बेसूर." इब्तिहाल हसायची. तोंडावर हात न ठेवता. कॉलरला तो काळा प्लेअर, एका कानात गाणं, दुसरा कान माझ्याकडे.

पण पाठीवरचे डाग काही थांबले नाहीत. त्या वसंतात एकदा ती वाकून बुटाची नाडी बांधू शकेना. आणि जुमाननं बालवाडीत एका मुलीला मारलं, मारण्याआधी बाईंना म्हणाली, आधी गाणं मोठं लावा. त्या दिवशी इब्तिहाल पट्ट्यावर चढलीच नाही. बाकावर बसून राहिली.

"मला जायचंय," ती म्हणाली. "वडिलांकडे नाही. तिथे परत कॉफीच होईल. अकाबाला, नजातखालाकडे, माझ्या मावशीकडे. मुअय्यदला तिचं घरही ठाऊक नाही. एकदा तिथं पोचले की तिथल्या कोर्टात अर्ज टाकीन. खाला म्हणते, ती ओळखीची वकीलबाई देईल."

"मग बसलीस काय? कामाला लाग," मी म्हटलं.

सगळं आम्ही तिथेच ठरवलं, त्या बाकावर आणि त्या पट्ट्यांवर. दुसरीकडे कुठे ठरवणार? घरी सासू, आणि इब्तिहालच्या फोनमध्ये मुअय्यद रोज बघायचा कुणाशी बोलली. अकाबाला फोन मी माझ्या फोनवरून केले, घरून, आणि दुसऱ्या दिवशी येऊन तिला सांगितलं. कुठला दिवस, कुठली बस, बेकरीमागची गल्ली, निळं फाटक, दुसरा मजला. तिच्या डोक्यात राहत नसे, भीतीनं सगळं पुसलं जायचं, म्हणून मी तिच्याकडून पाढ्यासारखं म्हणून घेत असे. "परत म्हण. मोठ्यानं." ती मोठ्यानं म्हणायची.

गुरुवारी ती नेहमीसारखी आली. हेयामला आम्ही आदल्या दिवशी सांगितलं होतं. हेयामनं नेहमीसारखा फोन घेतला, पिशवीत घातला, कपाटात ठेवला. फोन इथेच राहणार होता. मुअय्यदनं केला की तो इथे वाजणार, हेयाम उचलून सांगणार, आंघोळीला गेली आहे. तेवढ्यात इब्तिहाल जुमानला बालवाडीतून घेऊन बसमध्ये. किती साधं आणि किती पक्कं! मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

निघताना तिनं कॉलरचा प्लेअर काढून माझ्या हातात दिला. "तुम्हाला आवडायचा ना. काल म्हटलं होतं तसं, ठेवा."

"तुला प्रवासात लागेल."

"त्याचं काही नको मला." तिनं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले, ओले झाले माझे गाल. मी म्हटलं, "जा पोरी. मागे वळून बघू नकोस. पोचलीस की खालाच्या फोनवरून एक हाक मार, मग मी जेवीन." ती मागच्या जिन्यानं गेली.

आम्ही दोघी कपाटासमोर बसलो. फोन वाजायची वाट बघत. नेहमीची वेळ आली आणि गेली. फोन वाजला नाही. हेयाम म्हणाली, "कामात असेल." मी म्हटलं, "असेल." आणखी थोडा वेळ गेला. जो फोन बंद पडावा म्हणून इतके महिने शिव्या घातल्या, तो आता वाजावा म्हणून मी मनात दुआ करायला लागले. हेयामनं कुलूप काढून बघितलं, फोन चालू होता, बॅटरी होती. नुसता गप्प.

"माझ्यासमोर येरझाऱ्या घालू नकोस," हेयाम म्हणाली. "माझं डोकं फिरतंय. बाहेर जाऊन ये."

मी गेले झुहैरकडे. काहीतरी करायला हवं होतं, आणि हातात तो प्लेअर होता. त्याची गाणी मला नको होती. म्हटलं, पुसून माझी जुनी भर.

झुहैरनं वायर लावली, पडद्याकडे बघत राहिला. "उम्म नायल, यात गाणी पंधरा-वीसच आहेत. बाकी सगळं रेकॉर्डिंग आहे."

"कसलं रेकॉर्डिंग?"

"आवाजाचं. रोजचं दिसतंय. हा गाता गाता आजूबाजूचं ऐकतोसुद्धा. म्हणून तर मुअय्यदसाहेबांनी मागवून घेतला होता. भाची विद्यापीठात आहे म्हणाले, तासाला टिपून घ्यायला हवं होतं." त्यानं चांदणी सोलली. लाल दिवा लागलेला होता. "हे बघा, आत्ताही चालू आहे. उघडू का एखादं?"

माझ्या तोंडून हो की नाही निघायच्या आत त्यानं दाबलं. आधी पट्ट्यांची घरघर आली. मग माझं हसू, मला माझं हसू एवढं मोठं असतं हे ठाऊक नव्हतं. मग माझा आवाज, "परत म्हण. मोठ्यानं." आणि इब्तिहाल, शाळेतल्या पोरीसारखी, "गुरुवार. बेकरीमागची गल्ली. निळं फाटक. दुसरा मजला."

मी काउंटरची कड धरली. झुहैरनं स्टूल पुढे केलं. त्याला काही कळलं नव्हतं, तो पाणी आणायला वळला. मी प्लेअर ओढून घेतला आणि धावले. या गुडघ्यांनी धावले मी, भाजीबाजारातून, लोकांना ढकलत. भिंग शोधत होतो आम्ही. महिनोन्महिने दारात बसून, डोळ्यांत तेल घालून, भिंग शोधत होतो! कुणी आम्हाला बघेल एवढीच भीती आम्हाला जन्मापासून घातलेली. कुणी ऐकेल हे कुणी सांगितलंच नाही, कारण आम्ही ऐकण्यासारखं काही बोलत असू असं कुणाला वाटलंच नव्हतं. त्याला वाटलं. त्या एकट्याला.

जिमच्या जिन्यात बसून मी माझ्या फोनवरून अकाबाला लावला. वाजत राहिला. परत लावला. तिसऱ्यांदा नजातनं उचलला, कुजबुजत.

"उम्म नायल, मी स्वयंपाकघरात आहे. ते आलेत."

"कोण आलेत?"

"सगळे. तो, त्याचे चुलते, कुणी एक शेख. आणि," तिचा आवाज तुटला, "इब्तिहालचे वडील. माझे मेहुणे, त्यांच्यातच बसलेत. केव्हाचे आलेत. आमचे हे, अबू सख्र, त्यांच्याबरोबर बसलेत."

"कॉफी दिलीस?"

"दिली. दारात आलेल्यांना देणार नाही तर काय करणार? मला वाटलं पाहुणे आहेत. कप समोर ठेवून बसलेत."

"अजून प्यायले नाहीत ना? नजात, ऐक. तुझ्या नवऱ्याला आत बोलव. सांग त्यांना तिच्या पाठीबद्दल. मी सांगते, फोन दे त्यांना. आणि तू बस थांब्यावर जा. तिला उतरू देऊ नकोस, पुढे कुठंही ने, माझ्याकडे परत आण."

"फाटकात त्याचा भाऊ उभा आहे."

"मग नवऱ्याला बोलव!"

"दोनदा बोलावलं. येत नाहीत. शेख बोलतायत ना, कसे उठतील?" ती रडत होती. "तो म्हणतोय, मी पोलीस घेऊन आलो नाही, वडीलधारे घेऊन आलो. ती माझी मुलगी मला न सांगता घेऊन निघाली आहे, तुम्हीच बघा दारात येते की नाही ते. तिसऱ्यांदा. तिच्या वडिलांना म्हणतोय, काका, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

तेव्हा मला कळलं, त्यानं तिला घरातच का अडवलं नाही ते. घरात अडवली असती तर ती पुन्हा कधी तरी निघाली असती, आणि बाप पुन्हा कधी तरी विरघळला असता. आता तिला स्वतःच्या पायांनी या खोलीत येऊ द्यायचं होतं, पोरीचा हात धरून, बापाच्या समोर. मग यापुढे कुठलंच दार तिच्यासाठी उरणार नव्हतं.

"दार उघडं ठेव, मला ऐकू दे," मी म्हटलं.

तिनं फोन पुढे धरला असावा. पुरुषांचे आवाज आले, हळू, समजूतदार. कुणी खोकलं. कुणी अल्लाचं नाव घेतलं. मी फोनमध्ये ओरडले, "अबू सख्र! तिची पाठ बघा! आधी तिची पाठ बघा!" पण नजातनं घाबरून फोन ओढणीखाली दाबला असणार, कारण सगळं दबलं. परत ऐकू आलं तेव्हा घरधन्याचा, अबू सख्रचा, थकलेला आवाज म्हणत होता, "कॉफी घ्या, भल्या माणसांनो. तुमचं काम झालं."

आणि बश्यांवरून कप उचलल्याचा आवाज. एक, मग दुसरा, मग सगळे.

इब्तिहाल तेव्हा बसमध्ये होती. वाळवंटातल्या रस्त्यावर, खिडकीशी. तिच्याकडे फोन नव्हता, तो इथे माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर कपाटात होता, आमच्याच युक्तीनं. जुमान तिच्या मांडीवर झोपली असेल. ती मनात म्हणत असेल, बेकरीमागची गल्ली, निळं फाटक. तिला सांगायला जगात कुणी नव्हतं. मी जिन्यात कपाळ भिंतीला लावून बसले आणि मोठ्यानं रडले, कुणी ऐकलं तर ऐकलं.

वरून हेयामची हाक आली. "वाजतोय! तिचा फोन वाजतोय!"

मीच उचलला. पलीकडे मुअय्यद, तोच मऊ आवाज.

"उम्म नायलच ना? वाटलंच मला. इब्तिहालचा फोन तिथं राहिलाय, जरा सांभाळा. आम्ही सगळे अकाबाला आलोय, ती संध्याकाळपर्यंत पोचेल, मग घरी येऊ. रविवारपासून ती व्यायामाला येईल. डॉक्टरांनी सांगितलंय, खंड पडायला नको."

"अल्ला तुझा," मी म्हटलं, पण तो बोलतच राहिला.

"आणि तो छोटा प्लेअर," तो म्हणाला. "तुमच्याकडे दिलाय तिनं, असं वाटतं. तेवढा तिला परत द्या. मला नवी गाणी भरायची आहेत."

मी तो प्लेअर जिममधल्या दहा किलोच्या वजनाखाली ठेवून फोडला. हेयामनं वजन धरलं. इब्तिहालच्या पाठीबद्दल मी एकीला, दुसरीला, मशिदीतल्या इमामाच्या बायकोलाही सांगितलं. सगळ्या हळहळल्या आणि म्हणाल्या, वडीलधाऱ्यांनी मिटवलंय ना आता.

रविवारी ती आली. फोन दिला. मग आपणहून कॉलरचा प्लेअर काढून हेयामसमोर धरला. नवा होता, काळा, कोपऱ्यात चांदणी. हेयामनं तो हातात घेतला, चांदणीवर अंगठा दाबून धरला. मालकिणीचा नियम कॅमेऱ्याचा होता. गाणी ऐकायला बंदी नव्हती. इब्तिहाल डोळ्यांनी तिला विनवत होती, कारण प्लेअर बाहेर राहिला असता तर घरी काय झालं असतं ते तिला ठाऊक होतं. हेयामनं तो परत दिला.

इब्तिहाल माझ्या शेजारच्या पट्ट्यावर चढली. लंगडत होती. आतल्या सगळ्या बायका गप्प झाल्या, नुसती पट्ट्यांची घरघर. ज्या एकमेकींना नवऱ्यांच्या घोरण्यापासून सासवांच्या मूळव्याधीपर्यंत सगळं सांगायच्या, त्या ओठ मिटून चालत होत्या. मी तिच्याकडे बघितलं. तिनं समोर बघत विचारलं, "कशा आहात, उम्म नायल?"

विचारायचं इतकं काही होतं. पण मी म्हटलं, "बरी आहे गं. तू?"

"मजेत," ती म्हणाली.

रात्री जेवणानंतर त्यानं तेही ऐकलं असेल.